मोहोळचा घरबाजार : प्लॉट स्वस्त, कागद महाग

मोहोळ आता नुसतं तालुक्याचं गाव राहिलेलं नाही. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग शहराला लागून जातो. मध्य रेल्वेचं स्टेशन आहे. पंढरपूरकडून येणारा पालखी महामार्ग इथेच येऊन मिळतो. सोलापूरच्या दिशेनं निघालं की तालुक्याच्याच हद्दीत चिंचोळी एमआयडीसी लागते आणि पुढे सुमारे ३५ किलोमीटरवर सोलापूर शहर आहे. अशा ठिकाणी जमिनीला भाव येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. काल ज्वारी पिकत होती त्या रानात आज दगड रोवलेत, मुरूम टाकून रस्ता आखलाय आणि कडेला मोबाइल नंबर लिहिलेला फलक उभा आहे. हे चित्र आता कुणालाच नवीन नाही.

या बाजाराबद्दल चर्चा होते ती फक्त भावाची. 'अमुक रोडला गुंठा कितीला गेला?' एवढ्यावर ती संपते. चळवळीतल्या तरुणांनी यापुढचा प्रश्न विचारायला हवा : या बाजारात आपला माणूस नेमका कुठे उभा आहे?

तो दोन ठिकाणी उभा आहे. एकीकडे तो घर घेणारा आहे. कुणी शिक्षक आहे, कुणी एसटीत, कुणी एमआयडीसीत, कुणी पुण्या-मुंबईत राबून गावाजवळ स्वतःचं छप्पर करू पाहणारा. दुसरीकडे तो जमीन विकणारा आहे, कारण आज-पणज्यांच्या वतनाचा तुकडा त्याच्या नावावर आहे आणि नेमका तिथेच आता भाव आलाय. घेताना तो कागद नसलेली जागा घेतो, म्हणून फसतो. विकताना त्याची जमीन कागदात अडकलेली असते, म्हणून पडत्या भावात देतो. एकाच माणसाचं दोन्ही टोकांना नुकसान होतं आणि दोन्हीकडे कारण एकच आहे, ते म्हणजे कागद.

सरकारी दर आणि बाजाराचा दर

रेडीरेकनर म्हणजे सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. व्यवहार कमी किमतीचा दाखवला तरी मुद्रांक शुल्क किमान या दरावर भरावंच लागतं. हे दर वाढवताना १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ४.३९ टक्के वाढ झाली. महापालिकांमध्ये सर्वांत मोठी वाढ आपल्या सोलापूरची होती, १०.१७ टक्के. शहरात जागा महाग झाली की नोकरदार कुटुंब जवळच्या तालुक्याच्या गावाकडे बघू लागतं. मोहोळवर येणाऱ्या ताणाचं एक कारण हे आहे.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं रेपो दर फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात टप्प्याटप्प्यानं ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. गृहकर्ज स्वस्त होण्याचा हा काळ होता. तो फायदा कुणाला मिळाला? ज्याच्या जागेला बिनशेती आदेश आहे, मंजूर लेआउट आहे आणि नोंदणीकृत खरेदीखत आहे, त्याला. नोटरी केलेल्या कागदावर गुंठा घेणाऱ्याला बँक दारात उभं करत नाही. रेपो दर किती खाली आला याच्याशी त्याचा संबंधच उरत नाही. तो पतसंस्थेकडे जातो, सोनं गहाण ठेवतो किंवा सावकार गाठतो.

एक हिशेब मांडून बघू. आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत. पूर्ण कागदाचा एक गुंठा १० लाखांना आणि बिनकागदाचा ६ लाखांना मिळतोय असं धरा. घेणाऱ्याकडे स्वतःचे ३ लाख आहेत. पूर्ण कागदाच्या प्लॉटसाठी त्यानं बँकेकडून ७ लाख ९ टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या वर्षाचं व्याज होतं ६३ हजार. बिनकागदाच्या प्लॉटसाठी ३ लाख महिना २ टक्क्यांनी उचलले, तर वर्षाचं व्याज होतं ७२ हजार. स्वस्त प्लॉटचं व्याज महाग प्लॉटपेक्षा जास्त! शिवाय पाच वर्षांनी विकायची वेळ आली तर पहिल्याला बाजारभाव मिळेल आणि दुसऱ्याला पुन्हा स्वतःसारखाच अडलेला गिऱ्हाईक शोधावा लागेल. गरिबाला स्वस्तात मिळालं असं जे वाटतं, ते असं महाग पडतं.

एका गुंठ्याची कोंडी

बिनकागदाचा बाजार तयार होतो कसा? त्याच्या मुळाशी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला हा कायदा ठरावीक क्षेत्रापेक्षा कमी जमिनीच्या विक्रीला मनाई करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी ठरली. घर बांधायला माणसाला लागतो एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. दहा गुंठे घ्यायची ऐपत नाही आणि एका गुंठ्याचं खरेदीखत होत नाही. मग शंभर किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून, नोटरी करून पैसे मोजले जातात. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं.

नोंदणी विभागानं १२ जुलै २०२१ रोजी परिपत्रक काढून असे एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवायचं थांबवलं. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द ठरवलं, तरी गोंधळ संपला नाही. झालेले व्यवहार नियमित करायला आधी रेडीरेकनरच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे. ऑक्टोबर २०२४ च्या अध्यादेशानं ती ५ टक्क्यांवर आणली. मग नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं मोठं दार उघडलं. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले असे व्यवहार, जमीन नगरपरिषदेसारख्या नागरी हद्दीत किंवा निवासी वापरासाठी ठरवलेल्या क्षेत्रात असेल तर, कोणतंही अधिमूल्य न घेता नियमित करायचं ठरलं. ज्यांचा दस्त नोंदलेला आहे पण नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कात अडकलंय, त्यांचं नाव कब्जेदार म्हणून घ्यायचं. ज्यांच्याकडे फक्त नोटरीचा कागद आहे, त्यांनी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरून दस्त नोंदवून घ्यायचा.

मोहोळ नगरपरिषदेच्या हद्दीत वीस वर्षांपूर्वी गुंठा घेतलेल्या आपल्या कुटुंबांसाठी ही संधी मोठी आहे. पण यात एक मेख आहे. ज्याच्याकडे फक्त नोटरी आहे त्याला नोंदणीसाठी मूळ मालक किंवा त्याचे वारस समोर उभे करावे लागतात. मालक हयात असेपर्यंत हे सोपं असतं. तो गेला, मुलांची वाटणी झाली, भाव दहापट झाला, की 'आम्ही कुठे सही केली होती?' असा प्रश्न येतो. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर टाकण्यासारखं नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. धारण लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्याशी जोडलेल्या भांडवल आणि श्रमावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी कमी करावा, हा त्यांचा उपाय होता. पुढे १० ऑक्टोबर १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात लहान धारकांसंबंधीच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. तुकडे थांबवण्याच्या नावाखाली छोटा माणूस भूमिहीन होईल, हा धोका त्यांना दिसत होता. तुकडेबंदीनं शेतीचं किती भलं झालं यावर वाद होईल. पण शहराच्या कडेला घरापुरती जागा मागणाऱ्या गरिबाला या कायद्यानं नोटरीच्या कागदावर ढकललं, हे उघड आहे. जवळपास साठ वर्षांचे व्यवहार एकदम माफ करावे लागतात, याचा अर्थ कायदा माणसाच्या गरजेपासून किती लांब होता हे सरकारनंच मान्य केलंय.

विकणाऱ्याची बाजू : वतन

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यानं महार वतन संपलं आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा दिल्या गेल्या, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर तुम्ही 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द वाचता ते इथून आले. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. बिनशेती वापरासाठी हा नजराणा बाजारमूल्याच्या निम्म्यापर्यंत जातो.

शर्तीमागचा हेतू वाईट नव्हता. अडाणी, कर्जबाजारी वतनदाराकडून जमीन कुणी लुबाडू नये म्हणून ती घातली होती. प्रत्यक्षात काय घडलं? शर्तीनं जमीन जाणं थांबलं नाही, जमिनीचा भाव मात्र पडला. दलाल येतो आणि म्हणतो, 'तुमची जमीन वर्ग २ ची, तुम्हाला विकता येणार नाही, परवानगी काढायचं माझ्यावर सोडा.' विसार म्हणून थोडी रक्कम हातात ठेवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो. पुढे परवानगी आणि नजराणा तो बघतो आणि प्लॉट पाडून वाढीव भावानं विकतोही तोच. वतनदाराच्या वारसांना मिळतो तो विसार आणि नंतरची कोर्टाची तारीख.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार राज्यभर गाजला. त्यातलं खरं-खोटं तपास यंत्रणा आणि न्यायालयं ठरवतील. आपण एवढंच लक्षात घेऊ की 'महार वतन' हा शब्द कित्येक वर्षांनी वृत्तवाहिन्यांवर आला, तो जमिनीला कोट्यवधींचा भाव आल्यावर. मोहोळसारख्या ठिकाणी रक्कम लहान असेल, पण वाट तीच आहे. महामार्ग आला, शहराची हद्द सरकली, की आधी गावकुसाबाहेरच्या वतनाच्या जमिनीकडे नजर जाते.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. वतनदारानं पूर्ण सारा भरावा, चाकरीतून मोकळं व्हावं आणि इतर रयतेसारखी जमीन स्वतःकडे ठेवावी, हा त्यातला गाभा होता. पुढे वतन गेलं खरं, पण 'इतर रयतेसारखी' हा भाग राहूनच गेला. आजही रयतेची जमीन वर्ग १ आणि आपली वर्ग २.

मग शर्त सरसकट उठवावी का? तसं केलं तर उद्या सकाळी दलालांची रांग लागेल. मागणी नेमकी हवी. मूळ वतनदाराचे वारस स्वतः घर बांधणार असतील तर नजराणा माफ व्हावा. परवानगीच्या अर्जाला मुदत असावी आणि तो वारसांनी समक्ष केला तरच घ्यावा. कुलमुखत्याराच्या सहीवर वतनाच्या जमिनीचा कोणताही अर्ज चालू नये. विक्रीची रक्कम वारसांच्या बँक खात्यातच जमा व्हावी. असं झालं तर शर्त राखण करील, भाव पाडणार नाही. मोहोळ विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवरून निवडून येणाऱ्या प्रतिनिधीला विचारायचा प्रश्न यापेक्षा वेगळा काय असणार?

घरकुल मंजूर, जागा नामंजूर

तिसरी गाठ घरकुलाची आहे. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना शहरी भागात अडीच लाखांपर्यंत अनुदान आहे. अट अशी की जागा स्वतःच्या नावावर हवी. तीन पिढ्या ज्या वस्तीत राहिलो ती जागा गावठाणात आहे, गायरानात आहे की कुणाच्या खासगी सर्व्हे नंबरात, हेच माहीत नसतं. घरपट्टीची पावती असते. पण घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, ती फक्त कर भरल्याची नोंद. ग्रामीण भागात जागा नसलेल्या घरकुल लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी कमाल एक लाख रुपये मिळतात. महामार्गालगतच्या गावांत एक लाखात जागा कुठे मिळणार? बाजार वर गेला की योजना आपोआप खाली जाते.

गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या वस्तीची मोजणी झाली का, नकाशात घर दिसतं का, नाव बरोबर लागलं का, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन बघणं हे आजचं काम आहे. मोजणीच्या वेळी घरमालक कामावर असतो आणि नाव भलत्याचंच लागतं. पुढे ते दुरुस्त करायला वर्षं जातात.

वस्तीचा भाव

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही. आपल्या वस्तीच्या बाजूचा प्लॉट बाजारात कमी भावानं जातो आणि आपल्या माणसाला दुसऱ्या बाजूला प्लॉट द्यायची वेळ आली की 'तो आधीच बुक झालाय.' हे फक्त खेड्यातलं नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाडेकरूचं आडनाव दलित किंवा मुस्लिम असलं की नकार वाढतो आणि होकार मिळालाच तर अटी कडक होतात, असं त्यात दिसलं. विकत घेताना ही जात 'लोकेशन' या शब्दाआड लपते. यावर हमखास चालणारा कायदेशीर तोडगा हाताशी नाही. पण मंजूर लेआउट आणि नोंदणीकृत प्रकल्प असेल तर किती प्लॉट शिल्लक आहेत ते कागदावर दिसतं. तोंडी बाजारात नकार देणं सोपं असतं, लेखी बाजारात अवघड.

घेण्याआधी, विकण्याआधी

तरुण कार्यकर्त्यांना खालच्या गोष्टी घरोघर सांगता येतील.

१. सातबारा किंवा मिळकत पत्रिका ताजी काढा आणि त्यावरचे सगळे फेरफार वाचा. 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वर्ग २ ची शर्त तिथेच सापडते.

२. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ शोधा. तोच प्लॉट आधी दुसऱ्याला विकलाय का ते कळतं.

३. प्लॉटिंगचं एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराची नोंदणी लागते. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या वर. म्हणजे फलक लावून विकलं जाणारं बहुतेक प्लॉटिंग या नियमात येतं. नोंदणी क्रमांक विचारा. 'लवकरच मिळेल' हे उत्तर नव्हे.

४. नोटरी म्हणजे खरेदी नव्हे. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानंच हस्तांतरित होते. कुलमुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

५. पैसे बँकेतून द्या आणि बँकेतूनच घ्या. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. विकणाऱ्यानं खरी किंमत दस्तात लिहून घ्यावी. उद्या वाद झाला तर दस्तातलाच आकडा बोलतो.

६. घर बाईच्या नावावर घ्या. महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पैसे वाचतात आणि घरातल्या बाईच्या डोक्यावर हक्काचं छप्पर राहतं. विकताना बहिणींच्या सह्या टाळू नका. वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि मुलींचा हक्क मुलाइतकाच आहे. 'तिला कशाला बोलवायचं' म्हणून केलेला व्यवहार पुढे कोर्टात अडकतो, आणि तो मुळात अन्यायही आहे.

७. पूररेषा बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा लांबोटीजवळ पाणी चढून पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला. नदी-ओढ्याकाठचा प्लॉट स्वस्त का आहे, याचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. ते उन्हाळ्यातच विचारून घ्या.

विहारात एक टेबल

हे सगळं एकट्यानं करायचं म्हटलं की माणूस थकतो. तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, नगरपरिषद अशी चार दारं आणि प्रत्येक दाराशी एक 'ओळखीचा माणूस' बसलेला. आपल्याकडे वकील आहेत, महसूल खात्यात नोकरी केलेले निवृत्त बांधव आहेत, ऑनलाइन उतारे काढणारी पोरं तर घरोघरी आहेत. महिन्यातल्या एका रविवारी विहारात एक टेबल मांडायला काय लागतं? वस्तीतल्या प्रत्येक घराचा कागद एकदा तपासायचा. कुणाकडे नोटरी आहे, कुणाचं नाव इतर हक्कात आहे, कुणाची वारसनोंद राहिली, कुणाची जमीन वर्ग २ आहे, याची यादी करायची. नोव्हेंबर २०२५ च्या सवलतीत बसणारे अर्ज एकत्र न्यायचे आणि पोच घ्यायची. दलाल एकट्या माणसाला गाठतो. पन्नास जणांची यादी घेऊन आलेल्या पोरांना तो टाळतो.

जयंतीच्या वर्गणीइतकीच ही वर्गणीही महत्त्वाची आहे, फक्त ती पैशांची नाही, वेळेची आहे. मोहोळमध्ये जमिनीचा भाव वाढणं आपण थांबवू शकत नाही आणि थांबवायचं कारणही नाही. वाढलेला भाव ज्याची जमीन आहे त्याच्या घरात पडावा आणि ज्यानं आयुष्यभराची कमाई ओतली त्याला घराबरोबर घराचा कागदही मिळावा, एवढं मात्र नक्की करता येईल. पुढच्या रविवारी आपापल्या घरातली कागदांची पिशवी काढा आणि पहिला उतारा मोठ्यानं वाचून बघा.

जय भीम.